डाव्या हाताला पुरतील एवढी बटणं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते कारंज्याच्या टायपिंगवाल्या चाचांचे. आईवडिलांचं मी यात धरत नाही, ते धरायचं नसतं. पण घराबाहेरचा एकच माणूस सांग म्हटलं, तर चाचा.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी इंझोरीहून एसटीनं कारंज्याला जाऊन त्यांच्याकडे मराठी टायपिंग शिकलो. बारावी झाल्यावर वडील मला कामाला लावायच्या विचारात होते, तेव्हा चाचा स्वतः एसटीत बसून आमच्या गावी आले आणि ओट्यावर बसून वडिलांना म्हणाले, "पोराचा हात चांगला हाये. शिकू द्या त्याले अजून." वडिलांना टायपिंगमधलं काही कळत नव्हतं, पण कारंज्याचा मास्तर आपल्या दारी येऊन बसला आणि चहा पिऊन गेला, हे त्यांच्या मनात राहिलं. माझं कॉलेज त्या चहावर झालं, असं मी अजूनही म्हणतो.

चाचांच्या क्लासमध्ये मशीनच्या बटणांवर लाकडी झाकण असे. झाकणाखाली हात घालायचे आणि डोळे समोरच्या उताऱ्यावर ठेवायचे. डाव्या हाताच्या बोटांखाली अनुस्वार, मात्रा, क आणि पहिली वेलांटी. बोटं तिथेच टेकलेली पाहिजेत. कुणी वाकून पाहायला लागला की मागून फूटपट्टी यायची आणि तिच्यामागून आवाज, "काहून बे, खाली काय सांडलं तुयं?" ओळ संपत आली की मशीनची घंटी वाजायची, डावा हात वर जाऊन ओळ बदलायचा दांडा उजवीकडे ढकलायचा आणि परत आपल्या जागी यायचा. एवढ्या एका कामासाठीच डाव्या हाताला जागा सोडायची परवानगी होती.

क्लासची आणखी एक रीत होती. ज्याला नोकरी लागेल त्यानं कामाच्या जागेवरून चाचांना एक टाइप केलेलं पत्र पाठवायचं. ते लाल पेनानं तपासून परत येई. मी पाठवलेलं पत्रही तसंच परत आलं होतं. शेवटी लाल अक्षरात लिहिलं होतं, "समास बरोबर. घाई कमी." ते पत्र माझ्याकडे अजून आहे.

पुढे टायपिंगच्या परीक्षा संगणकावर गेल्या, क्लास बंद पडला, मशिनी भंगारवाल्यानं नेल्या. चाचांनी तहसीलसमोर निंबाच्या झाडाखाली टेबल टाकलं आणि लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप करून द्यायला लागले. जुन्या लॅपटॉपवर मीच फुकटातली सिस्टीम टाकून दिली होती आणि त्यात लिहिण्यासाठी एक साधा एडिटर. अक्षरांची मांडणी मशीनचीच ठेवली, म्हणजे चाचांना नव्यानं काही शिकावं लागू नये. एकच तक्रार ते कायम करत. ओळ बदलायचं बटण उजव्या करंगळीकडे का दिलं म्हणून. "दांडा डावीकडं होता. याईले काय सुचलं काय माहीत," म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचो.

या वर्षी उन्हाळ्यात त्यांना लकवा मारला. वाचा शाबूत राहिली, चालणं हळूहळू परत आलं. उजवा हात मात्र टेबलावर ठेवला तर ठेवल्या जागी राहायचा. त्या हाताचं पहिलं बोट चालत होतं. समोरची अक्षरं त्यानं दाबता येत. त्यापलीकडे हात सरकवता येत नव्हता. म्हणजे उजव्या टोकाचं काहीच नाही: पुसायचं बटण नाही, ओळ बदलायचं नाही, बाणांची बटणं नाहीत, माउस तर नाहीच.

आणि तहसीलसमोरच्या टेबलांचा एक न लिहिलेला कायदा आहे. टेबलावर माणूस बसला पाहिजे. कुणी आजारी पडलं तर शेजारचा त्याची जागा राखतो, पण किती दिवस राखणार? चाचांच्या शेजारी मुद्रांकवाले काका बसतात. त्यांनी चाचांचं टेबल झाडाला साखळीनं बांधून ठेवलं होतं आणि वर चाचांचा चौकटीचा रुमाल टाकला होता. घरी भेटायला आले तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मास्तर, पोळ्यापर्यंत मी कोणाले बसू देत नाई. पोळ्यानंतर गर्दी वाढते, मंग मले लोक विचारतीन. मी काय उत्तर देऊ?"

चाचांचा मुलगा अकोल्याला असतो. त्याचं म्हणणं, आता बस झालं, आमच्याकडे या. चाचांना जायचं नव्हतं. त्यांनी मला फोन केला.

"बाबू, तू कम्प्युटरचा माणूस. माहं काही जमते का पाय. सगळं डाव्या हाताले दे."

मी अमरावतीला एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम दुरुस्त करण्याचं काम करतो. चाचांनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी लगेच म्हटलं, "हे तर सोपं हाये चाचा. रविवारी येतो."

सोपं आहे, असं मला मनापासून वाटत होतं. त्या एडिटरच्या पोटात शेकडो कामं आधीच तयार असतात: मागचं अक्षर पुस, मागचा शब्द पुस, नवी ओळ घे, पुढच्या रिकाम्या जागेवर जा, ठरलेला मजकूर टाक. प्रत्येकाला नाव आहे, आणि कुठलंही काम कुठल्याही बटणाला जोडता येतं. सेटिंगच्या पानावर नाव शोधायचं, हवं ते बटण दाबून दाखवायचं, झालं. मी एका सकाळी बसून सगळी कामं कंट्रोल आणि डाव्या हाताखालच्या अक्षरांना जोडून टाकली. करंगळीनं कंट्रोल दाबायचा आणि दुसऱ्या बोटानं अक्षर. स्वतः डाव्या हातानं चालवून पाहिलं, सुरेख चाललं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. वर मी दुकानातून रंगीत स्टिकर आणले, त्यांच्यावर बारीक अक्षरात 'पुसा', 'ओळ', 'पुढे' असं लिहिलं आणि पाकिटात घालून नेले. वाटेतलं धनज गाव मागे पडलं तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून मी चाचांना हे कसं समजावून सांगायचं याची मनात तयारी करत होतो.

चाचांच्या घरी पोचलो. चाचींनी चहा ठेवला. मी लॅपटॉपच्या बटणांवर स्टिकर चिकटवले, सेटिंगची फाइल टाकली आणि लॅपटॉप चाचांपुढे सरकवला.

चाचांनी आधी स्टिकर पाहिले.

"हे काय लावलं?"

"खुणा आहेत चाचा. कोणतं बटन कशाचं ते दिसते."

"मले अंगणवाडीत घातलं का तू?" ते म्हणाले. "जिंदगीभर पोट्ट्याईले सांगितलं खाली पाहू नका. आता मी पाहू?"

चाची आतून म्हणाल्या, "अजी, पोरानं मेहनत केली. पाहून घ्या ना जरा."

"पाहतो ना. समोर पाहतो."

आणि त्यांनी समोर पाहत अर्जाची सुरुवात टाइप केली. डावा हात सरसर, उजव्याचं एकच बोट ठेचकाळत. एक अक्षर चुकलं. मी म्हटलं, आता करंगळीनं कंट्रोल दाबा आणि मधल्या बोटानं क-चं बटण. त्यांनी दाबलं. काही झालं नाही. एडिटरच्या खालच्या पट्टीत एक ओळ आली: कंट्रोल-क ला काही काम दिलेलं नाही.

मी पुन्हा दाबून पाहिलं. तीच ओळ. मग माझ्या लक्षात आलं. अमरावतीला मी सगळी बटणं इंग्रजी चालू असताना जोडली होती आणि इंग्रजीतच तपासली होती. चाचा मराठी चालू ठेवूनच बसतात. त्यांना इंग्रजीशी काय करायचं? क-चं बटण म्हणजे इंग्रजीतलं डी. मराठी चालू असताना एडिटरला डी दिसतच नाही, क दिसतो, आणि क-ला मी काम दिलेलं नव्हतं. मराठी मजकुरासाठी केलेली बटणं मराठी चालू असताना एकदाही दाबून पाहिली नव्हती. दिवसभर इंग्रजीत प्रोग्रॅम दुरुस्त करून माझी ही गत झाली होती.

"होऊन जाते," मी म्हणालो. तिथेच बसून एकेक बटण मराठी अक्षरांना जोडलं. कंट्रोल-क, कंट्रोल-ह, कंट्रोल-मात्रा. मात्रेला कंट्रोल जोडताना एडिटरनं ती चौकटीत दाखवलीच नाही, नुसतं टिंबाचं वर्तुळ दाखवलं. तरी जोडली गेली.

चाचांनी पुन्हा सुरू केलं. अक्षर चुकलं, कंट्रोल-क दाबलं, अक्षर पुसलं गेलं. मी खूश. पण त्यांनी पुढे टाइप केलं ते सगळं बिघडलेलं. कंट्रोलसाठी करंगळी खाली गेली की त्यांचा हात एक घर डावीकडे सरकायचा आणि परत येताना तिथेच टेकायचा. ते खाली पाहत नव्हते, त्यामुळे त्यांना कळायचं नाही. अर्धी ओळ कचरा झाल्यावर समोर वाचून कळायचं. मग तो कचरा पुसायला पुन्हा कंट्रोल, आणि हात पुन्हा सरकलेला.

"चाचा, एक वेळा खाली पाहून हात ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लॅपटॉपचं झाकण डाव्या हातानं हळूच मिटलं आणि चाचींना म्हणाले, "याले जेवाले वाढ. एसटी निघून जाईन त्याची."

परतीच्या एसटीत मला स्वतःचाच राग आला होता आणि थोडा चाचांचाही. एकदा खाली पाहायला काय हरकत होती, असं मला वाटत होतं. हे मी इथे लिहितो आहे, कारण मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

आठवडाभर मी ऑफिसातून आल्यावर तेच करत बसलो. कंट्रोल नकोच, असं ठरवलं. एकाच बटणाचं एक काम. अक्षर न उमटवणारी बटणं डाव्या बाजूला कोणती? वरच्या रांगेतली एफ-वन, एफ-टू वगैरे. ती जोडली. मराठी असो की इंग्रजी, एफ-वन ते एफ-वनच. पुन्हा मी खूश, पुन्हा एसटी. चाचांच्या लॅपटॉपवर एफ-टू दाबलं तर पडदा काळा झाला. त्या लॅपटॉपवर ती बटणं उजेड आणि आवाजाची होती. एडिटरपर्यंत ती पोचतच नव्हती. एफ-वन दाबलं तर सिस्टीमची मदत उघडली, सगळी इंग्रजीत, आणि ती बंद करायला माउस. चाचा काळ्या पडद्याकडे पाहून म्हणाले, "लाइट गेली का?"

चाची हसल्या. मी हसलो नाही.

पुढची खटपट कॅप्स लॉकची. ते करंगळीशेजारीच असतं, त्याला पुसायचं काम देऊ म्हटलं, तर कळलं की कॅप्स लॉक एडिटरच्या हातात नाहीच, ते सिस्टीमच्या ताब्यात. सिस्टीममध्ये बदललं, तर मराठी लावल्याबरोबर मूळ पदावर. मग शिफ्ट. चाचा विचार करताना शिफ्टवर टकटक करतात, मशीनच्या काळापासूनची सवय. टकटक झाली की पडद्यावर एक पेटी यायची आणि विचारायची, बटणं चिकटवून ठेवायची का? ती पेटी मी एका जागी बंद केली, ती दुसऱ्या जागेवरून उघडली.

एका रविवारची गोष्ट. मी लॅपटॉप घेऊन जमिनीवर बसलेलो आणि ते खुर्चीवर. मी मध्येच म्हटलं, "चाचा, फोनवर बोलून लिहिता येते आता. तुमी बोला, तो लिहीन."

"पाह्यलं ते," चाचा म्हणाले. "मी म्हणतो एक, तो लिहितो भलतंच. ते बी चालवून घेतलं असतं. पण लोकं माह्यापाशी काय घेऊन येतात? भावाभावाचं भांडण, सुनेची तक्रार, कोणाचं घरातलं. ते म्या निंबाखाली बसून मोठ्यानं बोलू? पूर्ण तहसील ऐकन."

मी पुन्हा सेटिंगमध्ये डोकं घातलं.

त्याच दिवशी मुद्रांकवाले काका येऊन गेले. बाजारात पोळ्याचे झूल आणि घुंगरं लागल्याचं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "मास्तर, एक पोट्टा येऊन राह्यला. त्याच्यापाशी नवा प्रिंटर हाये. मी त्याले म्हटलं, थांब. आता तुमी सांगा." चाचा म्हणाले, "पोळ्यापर्यंतचं बोलणं झालं ना आपलं?" काका म्हणाले, "झालं." आणि चहा पिऊन गेले. काका गेल्यावर चाचा मला म्हणाले, "राहू दे बाबू. तू आपल्या कामाचा हर्जा करून राह्यला. मुलाकडं जाऊ आमी."

मी म्हटलं, "एक वेळ अजून टाइप करून दाखवा. पुसू नका, काही करू नका. फक्त टाइप करा." खरं तर मी वैतागून म्हटलं होतं. मला पुढे काय करायचं ते सुचत नव्हतं आणि हात रिकामे ठेवून बसवत नव्हतं.

त्यांनी टाइप करायला घेतलं. ओळ संपली. उजव्या हाताला ओळ बदलायच्या बटणापर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून ते थांबले. आणि त्यांचा डावा हात वर गेला. लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्यावरून हवेतच उजवीकडे सरकला आणि परत येऊन बरोबर आपल्या घरात टेकला. अनुस्वारावर करंगळी, वेलांटीवर पहिलं बोट. एक घरसुद्धा इकडेतिकडे नाही. त्यांचं लक्षही नव्हतं.

"चाचा, पुन्हा करा."

"काय?"

"आत्ता हात कुठं गेला होता तुमचा?"

"कुठं गेला?" ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मशिनी भंगारात जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांचा हात दांडा ढकलत होता. त्या कोपऱ्यात, सगळ्यात वर डावीकडे, एस्केपचं बटण असतं. मी एस्केपला नवी ओळ जोडली. एवढंच. चाचांनी ओळ टाइप केली, हात वर गेला, बोट एस्केपवर पडलं, ओळ बदलली, हात परत आला आणि पुढची ओळ नीट उमटली.

त्यांनी आणखी एक ओळ घेतली. मग आणखी एक.

"ही जागा तुले आधी नाई सुचली का?" ते म्हणाले.

"तुमी मले सांगत होते ना, दांडा डावीकडं होता म्हणून. मी ऐकलं नाई."

"क्लासमधी बी नव्हता ऐकत."

यावर सगळं सुटलं, असं मात्र झालं नाही. एस्केप हे त्या एडिटरचं माघार घ्यायचं बटण. कुठलीही पेटी उघडली तर ती एस्केपनं मिटते. ते मी काढून घेतल्यावर पेट्या मिटेनात. छापायची पेटी उघडली की तिच्यातही नवी ओळ जायला लागली. पेटी उघडी असेल तेव्हा एस्केपचं जुनं काम आणि लिहिताना नवं, अशी अट घालावी लागली, आणि ती अट कशी लिहायची हे शोधण्यात पुढचा सगळा आठवडा गेला. पुसायचं काम टॅबला दिलं, कारण तिथे हात जागेवरून न हलता करंगळी नुसती वर जाते. पण टॅब मूळचा रिकामी जागा सोडणारा, त्यामुळे जुन्या अर्जांचे नमुने मोडले. ते पुन्हा लावले. क्लासच्या सामानात एक मोठा जुना कीबोर्ड पडून होता, त्यात उजेड-आवाजाची भानगड नव्हती. तो लॅपटॉपला जोडल्यावर एफ-वन आणि एफ-टू हाती आले. एफ-वनला अर्जाची ठरलेली वाक्यं, एफ-टूला पुढची रिकामी जागा. वरच्या ओळीत जाऊन दुरुस्ती करायचं बटण मला बसवता आलं नाही. जिथे बसवलं तिथे चाचांचा हात सरकला. शेवटी ते म्हणाले, "नको. चार बटनं बस झाली. मशीनवर बी वर जाता येत नव्हतं, मी हात फिरवायच्या आधी ओळ वाचून घेतो." स्टिकर मी नखानं खरवडून काढले. त्यांचा चिकटपणा अजून त्या लॅपटॉपवर आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी रजा काढून गेलो. मुद्रांकवाल्या काकांनी साखळी सोडली, रुमाल झटकून चाचांच्या खांद्यावर टाकला आणि पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर आले बाप्पा. आता आमच्या चुका निघतीन." पहिला अर्ज एका बाईंचा होता, शिधापत्रिकेत नाव चढवायचा. चाचांना नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. बाई दोनदा उठून उभ्या राहिल्या, दोनदा बसल्या. मी मागे उभा होतो आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांच्या डाव्या हाताकडे पाहत होतो. अर्ज छापून निघाला. चाचांनी तो वाचला, बाईंना दिला आणि मला म्हणाले, "तू जा आता. मागं उभा राहू नको, मले क्लासमधल्यासारखं वाटते, उलटं."

जागा राहिली.

पंधरवड्यानं फोन आला. एस्केप चालेना. एडिटरनं आपणहून नवी आवृत्ती घेतली होती आणि माझी अट तिला समजत नव्हती. मी फोनवर सांगायला लागलो. चाचांचा एक हात कामाचा, त्यात फोन धरला तर कीबोर्ड सुटतो, म्हणून काकांनी फोन घेतला. "वर डावीकडं तीन आडव्या रेषा दिसतात का?" मी विचारलं. "रेषा गंज हायेत, मोजता नाई येत," काका म्हणाले, "कोणत्या सांगू?" अर्ध्या तासानं त्यांनीच फोन ठेवला. शनिवारपर्यंत चाचा टेबलावर नुसते बसून राहिले, अर्ज शेजारच्यांकडे पाठवले, पण घरी गेले नाहीत. शनिवारी जाऊन मी अट नव्यानं लिहिली आणि आपणहून आवृत्ती बदलणं बंद केलं.

त्यानंतरच्या रविवारी मी क्लासच्या रीतीप्रमाणे त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

आदरणीय चाचा, सलाम.

हे पत्र मी तुमच्यासारखाच टाइप करत आहे. उजव्या हाताचं एकच बोट वापरायचं, तो हात जागेवरून हलवायचा नाही, बाकी सगळं डाव्या हातानं, आणि खाली पाहायचं नाही. माझ्याकडेही आता तीच चार बटणं आहेत. सकाळी बसलो होतो, आता चाचींच्या भाषेत जेवणाची वेळ टळली आहे. मधे मी एकदा चिडून उठलो आणि गॅलरीत जाऊन आलो. तुम्ही माझ्यासमोर एकदाही उठला नाहीत, हे मला आज कळलं.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. पुन्हा कधी एस्केप बंद पडलं तर काकांना फोन करायला लावू नका, त्यांचाही धंदा बुडतो. लॅपटॉप बंद करून चालू करा. तरी नाही झालं तर त्या दिवशी छोटे अर्जसुद्धा घेऊ नका, मी येईन. लांबलचक प्रतिज्ञापत्रं तुम्ही शेजारच्या टेबलाला देता, ते मला आवडत नाही, पण वर जाण्याचं बटण बसत नाही तोवर माझा इलाज नाही. मी ते सोडलेलं नाही. शिफ्टची पेटी आता येणार नाही. आली तर मला सांगा, कारण मी ती सगळीकडून बंद केली आहे असं मला याआधीही वाटलं होतं.

मी दोनदा तुम्हाला खाली पाहा म्हटलं, एकदा स्टिकर लावून आणि एकदा तोंडानं. तुम्ही मला तीन वर्षं उलटं शिकवलं होतं. पुन्हा म्हणणार नाही.

आमच्या ओट्यावर तुम्ही आला होता त्या दिवसाबद्दल वडील अजून बोलतात. मी कधी बोललो नाही. तुम्ही आला नसता तर मला ही चिडचिड करायलाही मिळाली नसती.

मागच्या ओळींतल्या चुका मी पुसलेल्या नाहीत, वर जाता येत नाही म्हणून. पत्र तपासून परत पाठवावं. लाल पेन डाव्या हातात धरावं लागेल. खुणा वाकड्या आल्या तरी मला वाचता येतील.

आपला विद्यार्थी